फिरत्या कक्षाची निर्मळ चाके

कैलासला या प्रकरणातून तीन गोष्टी मिळायच्या होत्या. पहिली, अकरा वर्षांच्या कंत्राटी चाकरीनंतर सेवापुस्तकात 'कायम' हा शब्द. दुसरी, आजवर स्वतःच शिवून घेतलेल्या खाकी गणवेशाऐवजी कार्यालयाने दिलेला गणवेश. तिसरी सगळ्यांत मोलाची. सासरे अण्णाजी चारचौघांत त्याची ओळख 'जावई, गाडीवर असतात' अशी करून देत. ते यापुढे 'जावई, सरकारात आहेत' म्हणणार होते. एवढ्याच्या बदल्यात जायचं काय, तर साबणाची एक वडी आणि एक जुना टूथब्रश.

कैलास हा जिल्ह्याच्या फिरत्या तक्रार निवारण कक्षाचा वाहनचालक. लोकांनी कार्यालयात खेटे घालू नयेत म्हणून कार्यालयानेच गाडीत बसून गावोगाव जावं आणि तक्रारी लिहून घ्याव्यात, अशी ही सोय. कक्षप्रमुख प्रभाकरराव पुढच्या आसनावर बसत, नोंदवही मांडीवर ठेवत. गाडी थांबली की माणसं जमत आणि माणसं जमली की प्रभाकररावांचं डोकं दुखू लागे.

अशात वरून परिपत्रक आलं. 'निर्मळ चाक पंधरवडा' साजरा करण्यात यावा. पंधरवड्याअखेर समिती येईल, प्रत्येक चाकावरून पांढरा रुमाल फिरवील आणि गुण देईल. चाकांना साठ गुण, आसनांना वीस, हॉर्नला दहा आणि निवारण केलेल्या तक्रारींना दहा. रुमाल पांढरा राहिलेल्या वाहनाच्या चालकास सेवेत कायम करण्याचा विचार होईल. रुमाल काळा झाल्यास कोणता विचार होईल, हे परिपत्रकाने सभ्यपणे सांगितलं नव्हतं.

कैलास कामाला लागला. पहाटे उठून चाकांच्या आऱ्यांत टूथब्रश घालून घासायचा. बायकोने, सपनाने, तांब्याच्या भांड्यांसाठी भिजवलेली चिंचही त्याने एकदा लावून पाहिली.

"घरच्या तांब्याच्या गुंडाले हात लावत नाई अन् सरकारच्या चाकाले चिंच!" सपना म्हणाली. "एक दिवस त्या चाकाले हळद-कुंकूबी लावजो."

चाकं चांदीसारखी निघत. पण केळझरचा दौरा करून आलं की पुन्हा काळी. हात लावला तर बोटं तव्याच्या बुडाला लागल्यासारखी. शेवटी त्याने गॅरेजवाल्या मुकेशला विचारलं.

"हे रस्त्याची धूळ नोहे गा," मुकेश म्हणाला. "आतमंदी ब्रेकची पट्टी घासते, तिचं पीठ हाय हे. जितके ब्रेक मारशील तितकं काळं. गाडी म्हटली का हे येतेच."

कैलासने हे साहेबांच्या कानावर घातलं. प्रभाकररावांनी चष्मा पुसला आणि अकरा वर्षांत प्रथमच एका तक्रारीचं जागच्या जागी निवारण केलं.

"मंग ब्रेक काऊन मारतं?"

"साहेब, गाडी थांबवा लागते ना."

"थांबवा लागते, असं कोणत्या परिपत्रकात लिहिलं हाय? दाखव मले."

परिपत्रकात खरोखरच नव्हतं. 'ब्रेकचा अनावश्यक वापर टाळण्याबाबत' असा कार्यालयीन आदेश त्याच दिवशी निघाला.

दुसऱ्या दिवशी अल्लीपूरचा दौरा होता. गावाच्या अर्धा कोस अलीकडेच कैलासने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला. गाडी आपल्या गतीने गावात शिरली आणि आपल्या गतीने गावातून निघाली. पिंपळाखाली तासभर खोळंबलेल्या देवकाबाई पदर खोचून गाडीबरोबर धावू लागल्या.

"अवो साहेब, नळाले तीन महिन्यांपासून पाणी नाई! मी सांगून राह्यली अन् तुमी चालून राह्यले!"

"सांगा, बाई, सांगा, मी लिहून राह्यलो," प्रभाकरराव खिडकीतून म्हणाले. "जरा लवकर सांगा. पुढं उतार हाय."

"कैलास, बापा, थांब ना रे थोडा!"

कैलासचा पाय ब्रेकवर गेला. त्याची आई याच वयाची होती. पण पायाखाली ब्रेक नव्हता, साठ गुण होते. त्याने पाय मागे घेतला. उतारावर देवकाबाई मागे पडल्या. नोंदवहीत 'नळाले तीन म' एवढंच उतरलं आणि तक्रार अपूर्ण असल्याने निकाली निघाली.

तरी संध्याकाळी रुमाल फिरवला तर करडा निघाला. वाटेत एक म्हैस आडवी आली होती, तिने परिपत्रक वाचलं नव्हतं. प्रभाकररावांनी खोल विचार केला. ब्रेक लागतो तो गाडी चालते म्हणून. म्हणजे मूळ दोष चालण्यातच आहे. उरलेला पंधरवडा गाडी चार दगडांवर चढवून, चादर पांघरून आवारात ठेवण्यात आली. दारावर पाटी लागली: 'फिरता कक्ष स्थिर आहे. सहकार्य करावे.'

समिती आली. कैलासने चादर ओढली तसे तिघे सदस्य एक पाऊल मागे सरले. चाकांत त्यांची तोंडं दिसत होती. रुमाल फिरला. जसा होता तसा परतला.

"अद्भुत," अध्यक्ष म्हणाले. "या काळात तक्रारी किती आल्या?"

"एकही नाही, सर," प्रभाकरराव शुद्ध मराठीत म्हणाले.

"आणि गाडी किती किलोमीटर चालली?"

"शून्य."

अध्यक्षांनी भरल्या डोळ्यांनी शंभरपैकी शंभर गुण दिले आणि तिथेच उभ्याने शेरा लिहिला: 'कक्ष न हलवता तक्रारी शून्यावर आणणारा हा जिल्हा आदर्श होय. वाहन याच अवस्थेत जतन करावे. वाहन चालत नसल्याने वाहनचालक हे पद अनावश्यक ठरते, ते रद्द करावे.'

"साहेब, माह्या कायमचं?" कैलासच्या हातात टूथब्रश तसाच होता.

"कायमच झालं ना, बाबू," प्रभाकरराव मायेने म्हणाले. "कायमचंच रद्द झालं."

आता हिशेब. प्रभाकररावांना मानचिन्ह मिळालं. समितीला जेवण मिळालं, वांग्याची भाजी झणझणीत होती. कैलासने अकरा वर्षं भरली. देवकाबाईंनी अर्धा कोस धाप भरली आणि नळाचं पाणी अजूनही भरतातच, शेजारच्या विहिरीवरून. राहता राहिलात तुम्ही. त्या चकाकत्या चाकाचा फोटो तुमच्याही ग्रुपवर आला होता. तुम्ही टाळ्या वाजवणारे चार हात पाठवलेत, 'यंत्रणेला सलाम' असं लिहिलंत आणि आपल्या गल्लीतल्या गटाराची तक्रार गाडी येईल तेव्हा करू म्हणून ठेवून दिलीत. तो वास तुमच्या नावावर लिहिला आहे.