लाडोबाचा पुढचा उजवा पाय

मास्तरांचा बेत बिनतोड होता. असा बेत माणसाला आयुष्यात एकदाच सुचतो, आणि तोही घरात ज्याचं कुणी ऐकत नाही अशाच माणसाला सुचतो. कुत्र्याच्या पायाचा एक्स-रे काढायला लावायचा आणि त्यात गुपचूप स्वतःचा हात सरकवायचा!

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला चळ लागला. तसं काही नव्हतं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, म्हणून तर गल्ली त्यांना घड्याळमास्तर म्हणायची. डोकं अजून सेकंदकाट्यासारखं चालायचं. बिघडलं होतं ते मनगट. तीन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला, सगळा भार उजव्या हातावर आला, आणि तेव्हापासून त्या हातात चिमटा काही ठरेना. दुकान केव्हाच बंद झालं होतं, तरी मास्तर रोज सकाळी खिडकीशी बसून कुणाचं ना कुणाचं घड्याळ उघडत. ते थांबलं आणि मग दिवस संपता संपेना.

मुलाला सांगितलं नव्हतं असं नाही. तीनदा सांगितलं. पहिल्यांदा चिरंजीव मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, मलम चोळा. दुसऱ्यांदा म्हणाले, रविवारी जाऊ, आणि त्यानंतर रविवार नुसते येत आणि जात राहिले. तिसऱ्यांदा म्हणाले की या वयात काही ना काही दुखणारच. शेजारी दोनदा गाडी घेऊन दारात उभा राहिला, पण मास्तर गेले नाहीत. पोटचा मुलगा घरात असताना शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात जायचं? मास्तरांना नुसता डॉक्टर नको होता, मुलाने नेलेला डॉक्टर हवा होता. याला हट्ट म्हणा, मानीपणा म्हणा. त्यांना मनगटापेक्षा तेच जास्त दुखत होतं.

आणि लाडोबा? लाडोबा म्हणजे घरातला कुत्रा. त्याने एक शिंक दिली की सूनबाई रजा टाकत. मागच्या वर्षी त्याने मोजा गिळला तेव्हा त्याचा एक्स-रे निघाला होता, आणि तो निघेपर्यंत चिरंजीवांनी त्याला टेबलावर धरून ठेवलं होतं. म्हणजे धरणाऱ्याचा हात यंत्राखाली जाऊ शकतो! मास्तरांनी हे पक्कं ध्यानात ठेवलं होतं.

सोमवारी सकाळी कुत्र्याला फिरवून आणल्यावर त्यांनी जाहीर केलं की लाडोबा पुढच्या उजव्या पायाने लंगडतोय.

घरात हलकल्लोळ उडाला. सूनबाईंनी लाडोबाला मांडीवर घेतलं, चिरंजीवांनी ऑफिसात कळवून टाकलं की घरात आजारपण आहे, येता येणार नाही. वीस मिनिटांत गाडी निघाली. पुढच्या सीटवर लाडोबा, मागच्या सीटवर मास्तर. लाडोबा माझ्याशिवाय घाबरतो असं सांगून त्यांनी ती जागा मिळवली होती.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान पण नजरेने तयार होत्या. त्यांनी लाडोबाला खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. कार्टं मिरवणुकीतल्या घोड्यासारखं चाललं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मला तर काही दिसत नाही.

"सकाळी जास्त असतं," मास्तर घाईने म्हणाले. "ऊन चढलं की कमी होतं."

"आणि रात्री?"

"रात्री ठणकतं. उशीवर ठेवला की जरा बरं वाटतं."

"उशीवर?"

"आणि वाटी उचलताना कळ येते ती थेट कोपरापर्यंत जाते."

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "वाटी कोण उचलतं?"

"वाटीकडे जाताना, असं म्हणतोय मी."

चिरंजीवांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लाडोबाच्या मानेवरून हात फिरवत ते म्हणाले, "केवढं सोसलंस रे बाळा. आणि आम्हाला पत्ताच नाही."

मास्तर होते तिथेच गार पडले. तीन महिने ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य अखेर आलं, आणि कुत्र्याच्या वाट्याला गेलं.

पुढे मात्र गाडं मास्तरांच्या हातात राहिलं नाही. येणारं-जाणारं दुखणं म्हणजे नुसतं हाडाचं नसेल, गोचिडाच्या तापातही सांधे धरतात, असं डॉक्टरीणबाईंचं मत पडलं. म्हणून रक्त काढायचं ठरलं. लाडोबाने दोन नळ्या रक्त दिलं आणि एक आरोळी दिली. मग प्लीहा सुजली आहे का ते बघायला सोनोग्राफी. त्यासाठी पोटावरचे केस भादरले, वर गार जेल थापलं. लाडोबा उताणा पडून मास्तरांकडे बघत राहिला. हा सगळा उद्योग कुणाचा आहे हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकदा वाटलं, सांगून टाकावं. पण एवढं झाल्यावर आता माघार घेतली तर कुत्र्याचे हालही फुकट जातील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

एक्स-रेच्या खोलीतला यंत्रवाला शिस्तीचा माणूस होता. त्याने लाडोबाला गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की आता हा हलत नाही, धरायला कुणी नको. झालं! मास्तरांनी गयावया केली, माझा हात अंगावर नसला तर तो झोपेतही थरथरतो म्हणाले. शेवटी यंत्रवाल्याने वैतागून शिशाचा एप्रन त्यांच्या गळ्यात अडकवला. त्या वजनाने मास्तरांचे गुडघे वाकले. पहिल्या फोटोला त्याने मास्तरांचा हात उचलून कुत्र्याच्या पाठीवर नेऊन ठेवला. दुसऱ्या फोटोला पाय आडवा करून तो भिंतीआड गेला आणि आतून ओरडला, हात मागे घ्या. मास्तरांना त्या क्षणापुरतं ऐकू येईनासं झालं. त्यांनी आपला उजवा पंजा मनगटासकट लाडोबाच्या पंजाशेजारी सपाट पसरला. यंत्र वाजलं.

पाच मिनिटांनी डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावर चित्र आलं. एक आखूड पाय आणि त्याला लागून पाच लांबच लांब बोटं. यंत्रवाला म्हणाला, आजोबांनी घोळ घातला, परत काढावा लागेल. डॉक्टरीणबाईंनी त्याला थांबवलं आणि चित्र मोठं केलं.

"पाय ठणठणीत आहे. पण हा हात कुणाचा?"

मास्तरांनी हात पुढे केला.

"मी माणसांची डॉक्टर नाही," त्या सावकाश म्हणाल्या, "पण मनगटाचं हे हाड मोडलंय. मोडूनही बरेच दिवस झालेत, वाकडं जुळायला लागलंय. आजच्या आज दाखवा."

मास्तर पडद्याकडे बघतच नव्हते. ते मुलाच्या तोंडाकडे बघत होते. चिरंजीवांनी पडद्याकडे पाहिलं, टेबलावर पेंगणाऱ्या लाडोबाकडे पाहिलं, मग बापाच्या हाताकडे पाहिलं.

"बाबा, लाडोबा लंगडत नव्हता?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही रे."

चिरंजीवांनी डोळे मिटून घेतले. "सुया टोचल्या त्याला. पोट भादरलं. त्या मुक्या जिवाने तुमचं काय वाकडं केलं होतं? मला तोंडाने सांगता येत नव्हतं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तीनदा सांगितलं होतं, हे मास्तरांच्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. परक्या बाईसमोर पोराला खोटं कसं पाडायचं?

डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांनी कपाटातून पट्टी काढली. कुत्र्यांचीच होती, निळी, वर पंजांचे ठसे छापलेली. हलक्या हाताने त्यांनी ती मास्तरांच्या मनगटाभोवती गुंडाळली आणि विचारलं, दुखतंय का? तीन महिन्यांत मनगट हातात घेऊन हे विचारणारं पहिलं माणूस. मास्तरांनी नुसती मान हलवली, आणि ती हो की नाही हे त्यांनाही कळलं नाही.

तोवर चिरंजीवांनी लाडोबाला दोन्ही हातांवर उचललं. डोकं खांद्यावर, भादरलेलं पोट छातीशी, तान्ह्या बाळाला घ्यावं तसं. ते दारापर्यंत गेले, थांबले आणि मागे वळले. मास्तर लगबगीने पुढे आले. आता तरी हा काहीतरी बोलेल, असं त्यांच्या मनात आलं.

"बाबा," चिरंजीव म्हणाले, "माझे दोन्ही हात गुंतलेत. जरा दार धरा."

मास्तरांनी दार धरलं.