दानम्मा गावाला गेली

दानम्मा गेली ती गुरुवारी, गिरणीचा पहिला भोंगा वाजायच्या सुमारास. पण चाळीला कळायला दुपार झाली. कारण अठरा खोल्यांना बातमी सांगायचं काम दानम्माच करायची! कुणाला मुलगी झाली, कुणाची सून रुसली, नळाला पाणी किती वाजता येणार, सगळं तिच्याकडूनच कळायचं. तिचा नवरा कल्लप्पा तिच्याजवळ नुसता बसून राहिला. अशी गोष्ट बाहेर जाऊन सांगायची असते, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. चाळीस वर्षांत त्याच्यावर ती वेळच आली नव्हती. शेवटी शेजारची नरसूबाई घागर घेऊन दारात आली आणि म्हणाली, "दानम्माक्का, आज पाणी येनार का न्हाय?" तेव्हा कुठे बातमी फुटली.

ती मार्चची पंचवीस तारीख. साल एकाहत्तर, म्हणजे शिरगणतीचं साल.

आठ दिवसांनी कल्लप्पा चाळीच्या कट्ट्यावर उभा राहून गरजला, "दानम्माचं नाव कोन खोडतोय तेच बगतो!"

भानगड अशी होती. शिरगणतीचे कुंडलिक गुरुजी मार्चच्या मध्यावर चाळीत येऊन गेले होते. गुरुजींना मराठी सोडून काही येत नव्हतं, आणि चाळीत एका खोलीत कानडी, दुसरीत तेलुगू, तिसरीत दखनी! पहिल्याच दारात गुरुजींची अवस्था जत्रेत हरवलेल्या पोरासारखी झाली. मग दानम्मा पदर खोचून पुढे झाली. चारही भाषांत तिनं चाळ बोलती केली. ज्या म्हातारीला स्वतःचं वय माहीत नव्हतं तिचं वय सांगितलं. जे पोर पाळण्यात होतं त्याला उचलून दाखवलं. संध्याकाळी गुरुजी म्हणाले, "एकशे अकरा माणसं. बाई, एकही सुटलं नाही!" कल्लप्पानं बायकोला एवढी खूश कधी पाहिली नव्हती.

आता गुरुजी फेरतपासणीला परत येणार होते. नियम असा की एक एप्रिलच्या सूर्योदयाला जो जिवंत, तो मोजायचा. मधल्या काळात जो गेला, त्याचं नाव खोडायचं.

"सात दिसांनी हुकली!" कल्लप्पा म्हणाला. "गिरणीत बदली कामगारसुद्धा म्हैनाभर राबला आन् शेवटचा आटवडा आला न्हाय, तर त्याचं नाव काडत न्हाईत. हिनं तर आक्की चाळ मोजून दिली की!"

त्यांना मूलबाळ नव्हतं. शाळेत दानम्मा गेलेली नव्हती. घर नावावर नव्हतं, जमीन नव्हती. तिचं नाव शाईनं लिहिलेलं असं ते एकच ठिकाण होतं.

म्हणून त्यानं बेत केला. तेलुगू नरसूबाई, समोरची हुसेनबी आणि दुष्काळात सांगोल्याहून आलेली मथुराबाई, अशा तिघींना बोलावून बजावलं, "गुरुजी आलं की सांगायचं, दानम्मा गावाला गेलीया. बास!"

बेत झकास होता. गावाला गेलेल्याचं नाव खोडत नाहीत. फक्त कुठल्या गावाला, हे सांगायला कल्लप्पा विसरला!

दोन एप्रिलला गुरुजी आले. "दानम्माबाई कुठं आहेत?"

"गावाला!" तिघी एका सुरात म्हणाल्या. अगदी शाळेतल्या पाढ्यासारख्या.

"कुठल्या?"

"अक्कलकोट," नरसूबाई म्हणाली.

"गुलबर्गे कू गये सो है, मास्टरसाब," हुसेनबी म्हणाली.

"सांगोल्याला की! आमच्या घरला, शेरडं बगाया," मथुराबाई म्हणाली.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तिन्ही बायका तशाच समोर होत्या.

नरसूबाईनं सारवासारव केली, "अक्कलकोटला मुलीच्या बाळंतपणाला गेलीय, मास्तर."

"त्या तर म्हणाल्या होत्या की मूलबाळ नाही."

"मानलेली मुलगी! बाळंतपण खरं हाय."

गुरुजींना घाम फुटला. शिरगणतीच्या प्रशिक्षणात त्यांना दहादा सांगितलं होतं, एक माणूस दोनदा मोजला जाता कामा नये. इथं एकच बाई तीन गावांत मोजली जायची वेळ आली होती! "अहो, एवढ्या एका चाळीपायी राज्याचा आकडा फुगेल," ते म्हणाले. "मी तिन्ही गावच्या मास्तरांना पत्र टाकतो."

एवढ्यात बोळाच्या तोंडाशी टाहो फुटला.

दानम्माची धाकटी बहीण गंगम्मा! अक्कलकोटच्या पलीकडे आडगावात राहणारी. तिला पत्र उशिरा पोचलं होतं. दुखवट्याला येणारी बाई काही मुकाट्यानं घरात शिरत नाही. ती बोळापासूनच गळा काढत येते, आणि जितका उशीर झाला तितका आवाज मोठा लागतो. गंगम्माला आठ दिवस उशीर झाला होता. पलीकडच्या बोळातले माग थांबले!

"अय्यो अक्का! नन्न बिट्टु होदी!" ती छाती पिटत दारात कोसळली.

"काय म्हणतात ह्या?" गुरुजींनी कल्लप्पाला विचारलं.

'अक्का, मला टाकून गेलीस,' असं ती म्हणत होती. कल्लप्पा म्हणाला, "म्हनतीया... बहीन घरात हाय का?"

"एवढ्या मोठ्यानं?"

"आमच्यात आसंच इचारत्यात, गुरुजी."

मथुराबाईनं तोंडात पदर कोंबला. ती रडत होती की हसत, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पण गुरुजी हाडाचे मास्तर होते. मागच्या फेरीत दानम्माकडून ते दोनचार कानडी शब्द शिकले होते. ते गंगम्मापुढे वाकले आणि स्वतःच विचारलं, "अक्का एल्ली?" म्हणजे, अक्का कुठे आहे?

गंगम्मानं रडत रडत बोट वर केलं.

"वरच्या मजल्यावर!" गुरुजी म्हणाले. "मग इतका वेळ का सांगितलं नाही?" आणि तरातरा जिना चढू लागले.

"गुरुजी, वर नको!" मथुराबाई किंचाळली. ती आता नक्की हसत नव्हती.

मथुराबाईच्या खोलीचं दार गुरुजींनी ढकललं. आत दानम्मा नव्हती. आत नऊ माणसं होती! चार खाटेवर, दोन खाटेखाली, दोन कांबळं पांघरून भिंतीला लागलेली, आणि कणगीतून एक पागोटं डोकावत होतं.

"हे कोण?"

"माजा दीर महिपती," मथुराबाई पुटपुटली. "तळं आटलं, म्हनून वीस तारखेला हितं आल्यात. चाळीच्या मालकाला कळलं तर हाकलंल. दानम्माक्काच म्हनली व्हती, मास्तर फिरून आलं की मी लिहून घेते."

पागोटं कणगीतून बाहेर आलं. महिपतीनं गुरुजींच्या हातातली वही बघितली आणि तो दोन पावलं मागे सरला. गावोगाव त्या वेळी कुटुंबनियोजनाची माणसं अशाच वह्या घेऊन फिरत होती.

"मुलं किती?" गुरुजींनी विचारलं.

"दोन!" महिपती म्हणाला.

गुरुजींनी मोजली. सात भरली.

"बाकीची माजी न्हाईत, साहेब. आईच्यान!"

खाटेवरून त्याची बायको उठली. "काय म्हनला? माजी हायती न्हवं का? मग तुमची न्हाईत कशी? हां? कुनाची हायती, सांगा की चारचौगांत!"

महिपती परत कणगीकडे वळला. बायकोनं त्याचं पागोटं धरलं. सातही पोरं "आबा, आबा" करून रडू लागली, म्हणजे पुरावाच झाला! खाली गंगम्मा, वर पोरं. हुसेनबी सगळ्यांना पाणी देत फिरत होती आणि चुकून गुरुजींनाच तिनं तीनदा पाजलं.

"आमाला लिवा, गुरुजी," महिपतीची बायको एकदम शांत होऊन म्हणाली. "ह्यात नाव आलं तर पुडं रेशनचं तरी कुनी इचारंल. तिकडं मास्तर आला तवा आमी वाटंवर व्हतो. आमाला कुनीच मोजलं न्हाय."

गुरुजी जिन्यावर बसले. "कसं लिहू? इथं बाई तीन गावांना गेलेली आहे, मुलं कधी दोन, कधी सात. ह्या चाळीत मी एकट्या दानम्माबाईंच्या शब्दावर लिहिलं. त्यांना येऊन सांगू द्या की ही नऊ माणसं खरी, मग लिहितो. तोवर एकही नाव नाही."

सगळे कल्लप्पाकडे बघू लागले.

कल्लप्पानं त्या सात पोरांकडे पाहिलं. कणगीजवळच्या महिपतीकडे पाहिलं. ह्यांना दानम्मानं चाळीत घेतलं होतं, आणि ती असती तर एव्हाना त्यांची वयंसुद्धा सांगून मोकळी झाली असती.

"ती येनार न्हाय, गुरुजी," तो म्हणाला. "गुरवारी गेली. मागल्या गुरवारी."

गुरुजी उठून उभे राहिले.

"मला सांगायचं होतं, कल्लप्पा."

"सांगायचं काम तीच करायची की."

मग कल्लप्पानं नऊ माणसांची ग्वाही दिली. गुरुजींनी नऊ नावं लिहिली. महिपतीनं सातही पोरं आपली असल्याचं तीन वेळा कबूल केलं, दोन वेळा गुरुजींना आणि एकदा बायकोला. शेवटी गुरुजींनी दानम्माची ओळ काढली.

"आडवी रेघ मारा," कल्लप्पा म्हणाला. "खालचं वाचता येईल आशी."

"तशीच मारतात." त्यांनी बारीक रेघ ओढली. एकशे अकराचे एकशे एकोणीस झाले.

"आता तुमची ओळ," गुरुजी हळूच म्हणाले. "इथं 'विवाहित' लिहिलंय. ते बदलून 'विधुर' करावं लागतं."

कल्लप्पानं तो कागद पाहिला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहिला.

"ते उद्या करा की. नऊ मानसं लिवून तुमचा हात दुकला आसंल."

"उद्या शेवटचा दिवस आहे."

"उद्या मी घरातच हाय, गुरुजी. कुटं जातोय!"

दुसऱ्या दिवशी कल्लप्पाची रजा होती. तरी तो पहिल्या भोंग्याला गिरणीत गेला, स्वतःची पाळी संपल्यावर दुसऱ्या एकाच्या बदली उभा राहिला, आणि घरी आला तेव्हा गुरुजी कागद जमा करून मोकळे झाले होते. पाच कोटींच्या ह्या राज्यात कल्लप्पा कागदोपत्री अजून विवाहित आहे. ती दुरुस्ती करायची राहिली आहे.