फळ्या, फट आणि एकच स्क्रूड्रायव्हर

वादळाचा इशारा आला तसं गल्लीतल्या नऊ घरांच्या दारं-खिडक्यांवर फळ्या मारायचं काम सुतारमामांनी एकट्याने अंगावर घेतलं. घरं रिकामी राहणार म्हटल्यावर लोकांना वाऱ्यापेक्षा चोरांची धास्ती जास्त. म्हणून मामांनी खास स्क्रू बाहेर काढले. त्या स्क्रूंच्या डोक्यावर तिकोनी खाच होती आणि त्या खाचेत बसणारा स्क्रूड्रायव्हर साऱ्या गावात फक्त मामांकडे होता.

"चोर सोडा, वाऱ्याच्या बापालाही उघडायचं नाही," असं मामा दारोदार सांगत सुटले. तीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं आणि तेवढ्या एका गोष्टीवर मामा ताठ मानेने जगत आले होते.

शेवटची फळी त्यांनी स्वतःच्या दाराला मारली. सामानाचा टेम्पो उघडा, त्यात पाऊस सुरू झालेला. हत्यार भिजवणं हे मामांच्या लेखी महापाप. दारातली पत्रं टाकायची फट दोन फळ्यांच्या मधे मोकळी राहिली होती. मामांनी स्क्रूड्रायव्हर नीट पुसला, फटीतून आत टाकला आणि निर्धास्त होऊन टेम्पोत चढले.

तीन दिवस अख्खी गल्ली दूरच्या एका शाळेत सतरंज्यांवर झोपली. वादळाने समुद्रातूनच तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी सगळे परतले, तर घरं जशीच्या तशी. मंडळी बोचकी घेऊन आपापल्या दारात उभी राहिली आणि मामांची वाट पाहू लागली. मामांनी एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला आणि मग त्यांची नजर त्या फटीवर गेली.

"अहो, आत टाकलात?" मामींनी विचारलं.

मामांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मामींनी काठीला पळी बांधून फटीतून घातली, तेव्हा दारालगत पडलेला स्क्रूड्रायव्हर घरंगळत कपाटाखाली गेला. शेजारच्या मास्तरांनी टेम्पोवाल्याची पहार लावून पाहिली. फळी तसूभर हलली नाही. एवढ्या लाजेतही मामांना त्याचा आनंद झाला.

तेवढ्यात अग्निशमन दलाचा जवान नुकसानीची नोंद करायला आला. मामांनी त्याची कुऱ्हाड मागून घेतली आणि स्वतः घडवलेलं दार फळ्यांसकट फोडलं. कपाटाखालून स्क्रूड्रायव्हर काढला आणि तासाभरात बाकीची आठही घरं उघडली.

जवान भला माणूस होता. गल्लीत मोडलेलं दार एवढं एकच. तो वही उघडून हळूच म्हणाला, "वाऱ्याने गेलं असं लिहू का मामा? नवं दार मिळेल तुम्हाला."

मामी डोळ्यांनी हो म्हणा, हो म्हणा, असं सांगत होत्या. गल्ली कान टवकारून होती.

"वाऱ्याने? वाऱ्याची काय बिशाद," मामा म्हणाले. "मी फोडलंय. तसंच लिहा."

जवानाने लिहिलं. नुकसान: एक दार. कारण: सुतार.

महिन्याभराने पुन्हा इशारा आला, तेव्हा आठही घरांनी फळ्या मामांकडूनच मारून घेतल्या. मामांनी आपल्या नव्या दाराला पत्रांची फट ठेवलीच नव्हती. तरी शेवटचा स्क्रू आवळून होताच मामींनी हात पुढे केला आणि मामांनी स्क्रूड्रायव्हर मुकाट्याने त्यांच्या हवाली केला.