फक्त लाच राहिली

आमच्या शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयातून भ्रष्टाचाराचे समूळ उच्चाटन झाले आहे, हे नमूद करताना अभिमान वाटतो. हे उच्चाटन परदेशी अनुदानातून झाले असून, अनुदान चालू राहावे म्हणून ते दर महिन्याला पुन्हा करावे लागते.

अनुदान देणारी मंडळी सरळमार्गी होती. प्रामाणिकपणा मोजायचा कसा, यावर त्यांनी बराच खल केला आणि ठरवले, की कर्मचाऱ्यांनी नाकारलेल्या लाचा मोजायच्या. नकार जितके जास्त, तितकी पुढची मदत मोठी.

अशा दिवसांत एक निवृत्त चित्रकला शिक्षक नळजोडणीचा अर्ज घेऊन आले. बायकोचे गुडघे गेलेले, आणि पाणी भरायला तिला जिने उतरून खाली जावे लागे. कारकुनाने सगळे कागद तपासले.

"चोख आहे, मास्तर. फक्त लाच राहिली."

आपण जन्मात कुणाला लाच दिलेली नाही, असे मास्तरांनी ठणकावून सांगितले. कारकून दुखावला.

"मी तरी कुठे घेणार आहे? तुम्ही पुढे करायची, मी नाकारायची. फोटो निघतो, अर्ज सरकतो. तुमच्यासारखे अडून बसले, तर आमच्या प्रामाणिकपणाचं कसं व्हायचं?"

मास्तर तणतणत घरी गेले. बायकोने धापा टाकत बादली दारातच टेकवली आणि सगळे ऐकून घेतले.

"जन्मभर तत्त्वं पाजलीत. आता पाणी पाजा."

दुसऱ्या दिवशी मास्तर पाकीट घेऊन हजर. पहिला प्रयत्न बाद ठरला. त्यांनी पाकीट टेबलावरून दिले, आणि परदेशी कॅमेरा टेबलाखाली बसवलेला होता. दुसऱ्या खेपेला चेहऱ्यावर पुरेशी लाचारी नव्हती. अखेर जमले. कारकुनाने बाणेदारपणे पाकीट झिडकारले, कचेरीने टाळ्या वाजवल्या, खुद्द मास्तरांनाही भरून आले.

मग साहेबांनी अर्ज नामंजूर केला. लाच देऊ पाहणाऱ्याला जोडणी देता येत नाही, असे अनुदानाच्याच नियमांत होते. आणि पुरावा तर समोरच होता, रंगीत.

"अहो, पण तुम्हीच द्यायला लावलीत ना?" मास्तर कारकुनाला म्हणाले.

"म्हणून तर शेजारची खिडकी ठेवलीय," कारकुनाने समजूत घातली. "तिथून चारित्र्याचा दाखला आणा, की झालं."

शेजारच्या खिडकीतल्या गृहस्थांनी दाखल्याला फार वेळ लागतो असे सांगितले आणि टेबलाचा खण बोटभर उघडला. मास्तरांकडे तेच पाकीट होते, आणि हात आता सरावलेला. नळ त्याच आठवड्यात बसला.

ती खिडकी प्रकल्पाच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे तिथे कॅमेरा नाही. रांग मात्र मोठी असते. परवा तुम्ही माझ्यापुढेच उभे होतात.