तायडेकाकांचा ओळंबा

मी भिंतीवर पत्रक चिकटवलं की तायडेकाका आधी खिशातून ओळंबा काढत. मजकुराचं नंतर.

"वाकडं लागलं, बापू."

"काका, अन्यायाविरुद्ध लिहिलंय त्यात!"

"मंग तो अन्याय बी सरळ लाव ना."

अमरावतीत ते आमच्या शेजारी एकटेच राहत. घराची किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात. शिकलेले ओव्हरसियर. सुताला बांधलेलं ते पितळी वजन म्हणजे त्यांचं घड्याळ, पाकीट, सगळंच. माझ्या बहिणीला पाहायला पाहुणे आले, तर यांनी भर बैठकीत त्यांच्या पाठीमागची भिंत तपासली आणि जाहीर केलं, "बोटभर बाहेर हाये." पाहुणे जे पुढे सरकले, ते थेट दारापर्यंत.

वस्तीला विहार बांधायचा होता. जागा होती, विटा होत्या. नगरपालिका म्हणे, नकाशावर परवानाधारक इंजिनिअरची सही आणा. गावातले परवानाधारक आमच्या वस्तीचं नाव ऐकलं की 'पुढच्या आठवड्यात' म्हणत. तो आठवडा कोणत्याच पंचांगात सापडला नाही. स्पष्ट लिहितो : ही अस्पृश्यताच होती, फक्त इस्त्री केलेली.

मग काकांनी स्वतःच परवान्याचा अर्ज केला. तोंडी परीक्षा पार पडली. उरली एकच अट : जुन्या परवानाधारकाची शिफारस. म्हणजे ज्यांनी दार लावलं, त्यांच्याच हाती कडी! शेवटी अकोल्याचे एक वयस्क इंजिनिअर तयार झाले. बस धरण्याआधी मी काकांचा खिसा तपासून ओळंबा काढून घेतला.

"आज काही मापू नका, काका."

"नाई मापत, बाप्पा."

साहेब भले निघाले. ओसरीत बसवलं, चहा दिला, पेनाचं टोपण काढून कागद पुढे ओढला. तेवढ्यात काका उठले. गळ्यातली किल्ली काढली, दोऱ्याला धरून ओसरीच्या खांबाशी लोंबकळत सोडली.

"साहेब, खांब कलला हाये. आजच टेकू द्या, अन् पाडून नवा बांधा."

"हा खांब मी स्वतः उभा केलाय," साहेब म्हणाले. पेनाला टोपण बसलं.

परतीच्या बसमध्ये मी भडकलो. "सही होऊन राहिली होती! दोन मिनिटं दम नाही निघाला? काहून बोलले?"

"तुह्या ध्यानात नाई आलं. त्यायची माय आतून आली, अन् त्याच खांबाले टेकून बसली."

मूर्तिजापूर येईस्तोवर ते खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "माही माय बी अशीच टेकून बसली होती. कललेल्या भिंतीले. मी कामावर होतो."



परवाना मिळाला नाही. विहाराच्या विटांवर दोन पावसाळ्यांचं शेवाळ चढलं. त्यानंतर एका सभेसाठी अकोल्याला गेलो, तेव्हा मुद्दाम त्या गल्लीतून निघालो. खांब नवा होता. म्हातारी त्याला टेकून डाळ निवडत होती.

परत येऊन काकांना सांगितलं.

"सुतात हाये काय?"

"दिसायला तर सरळ दिसला."

"दिसाले सारंच सरळ दिसते, बापू."

त्यांनी खिशातून ओळंबा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"पुढच्या खेपेले लावून पाह्यजो."