मास्तरांच्या नाकाचा इशारा

"जा खुशाल! तुझ्यासारखे छप्पन्न मिळतील!"

असं मास्तर ढोल्याला छातीठोकपणे म्हणाले खरे, पण त्याच रात्री त्यांना जेवण गेलं नाही. ढोल्या म्हणजे त्यांचा ड्रमर. दिवसा फ्रिज दुरुस्त करायचा, संध्याकाळी मास्तरांच्या बँडमध्ये वाजवायचा. बँड तरी केवढा? मास्तर अकॉर्डियनवर, त्यांची बायको गाणार आणि मागे ढोल्या. अर्धं आयुष्य तिघांनी लोकांच्या समारंभांत काढलं. मग एक दिवस ढोल्या म्हणाला, "मास्तर, जन्मभर दुसऱ्यांच्या घरचे आनंद वाजवले. आता दिवेलागणीला आपल्या घरी असावंसं वाटतं रे." भांडण नाही, तंटा नाही. यावर मास्तरांना म्हणायचं होतं, "नको ना जाऊस." तोंडातून निघालं काय? छप्पन्न!

छप्पन्न कसले, एक मिळता मिळेना. तेव्हापासून मास्तर जेवताना फोन ताटाशेजारी ठेवू लागले. मध्येच उचलून चालू आहे ना ते बघायचे.

"अहो, तुम्हीच करा की फोन," बायको म्हणायची. "बोटं झिजतील का?"

"मी? मी का करू? त्याला गरज असेल तर करेल तो!" असं म्हणून मास्तर फोनचा आवाज आणखी मोठा करायचे.

अखेर बँकेतले एक गृहस्थ मिळाले. चष्मा, इस्त्रीचा शर्ट आणि ड्रमची मनापासून हौस. मास्तरांनी त्यांना बँडचं गुपित शिकवलं. अकॉर्डियन वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे सगळा कारभार तोंडावर चालायचा. नाक आक्रसलं की गाणं संपवायचं. भुवया वर गेल्या की लय वाढवायची. मान मागे गेली की मुखड्यापासून पुन्हा!

"माझ्या चेहऱ्यावरून नजर हटवायची नाही, बँकवाले!"

"नाही हटवणार, मास्तर!" बँकवाले म्हणाले, आणि बिचाऱ्यांनी शब्द पाळला. तिथेच तर घोटाळा झाला!

एका वयस्कर जोडप्याच्या लग्नाचा वाढदिवस होता, तोही भर दुपारी. हॉल झकास, पाहुणे झकपक, आणि स्टेजच्या कडेला, बरोबर मास्तरांच्या नाकासमोर, ही एवढी फुलांची परडी! आजी-आजोबा हातात हात घालून मध्ये आले. बायकोने संथ, गोड गाणं धरलं. पहिलं कडवं झालं नाही तोच मास्तरांच्या नाकात हुळहुळलं. हात तर अडकलेले! त्यांनी नाक आक्रसलं.

धडाम्! बँकवाल्यांनी झांज हाणून गाणं संपवलं.

आजोबांचा एक पाय हवेतच राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अहो, काय हे?" मास्तर पुटपुटले.

"तुम्हीच नाक आक्रसलंत!"

"खाजत होतं हो!"

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा नाक, पुन्हा धडाम्! तिसऱ्यांदा मास्तरांनी दात-ओठ खाऊन नाक ताब्यात ठेवलं, तर आतून शिंकच निघाली. शिंकायच्या आधी माणसाचं काय होतं? भुवया वर जातात आणि मान मागे! बँकवाल्यांनी एका इशाऱ्याचे दोन अर्थ लावले आणि मुखड्यापासून, दुप्पट लयीत जे सुटले म्हणता! बायकोला श्वास घ्यायला उसंत मिळेना. आजी-आजोबा गरम तव्यावर पाय पडल्यासारखे नाचू लागले. दुसरी शिंक आली, लय चौपट झाली! आणि आजोबांच्या कमरेत उसण भरली. ते आजींच्या खांद्यावर जे वाकले ते वाकलेच. पाहुण्यांना वाटलं, काय हे प्रेम! सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

"हलता येत नाहीये मला!" आजोबा ओरडत होते.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार ढकलून हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतलेला एक माणूस बाहेर आला. ढोल्या! हॉलचा फ्रिज दुरुस्त करायला आला होता. मास्तरांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. किती वाळला होता, का उगाच तसं वाटत होतं?

ढोल्याने आधी आजोबांना खुर्चीत बसवलं, मग बँकवाल्यांना अदबीने म्हणाला, "एक गाणं देता मला?"

आणि तो वाजवायला बसला. तेच गाणं. काय सांगावं! लय अशी ठेवली, जशी घरातली माणसं झोपलेल्या मुलाजवळून चालतात. मास्तर शिंकले, एकदा नव्हे, पाचदा. ढोल्या जागचा हलला नाही. आजोबा खुर्चीत बसल्या बसल्या आजींचा हात धरून डोलू लागले. मास्तरांचे डोळे भरून आले, आणि दोष फुलांना देता आला म्हणून त्यांना बरं वाटलं.

गाणं संपल्यावर त्यांनी ढोल्याला स्टेजच्या मागे गाठलं.

"ढोल्या, चुकलं माझं. छप्पन्न नाही, एकही नाही. माझी खाज कुठली आणि खूण कुठली, हे फक्त तुलाच कळतं रे! परत ये."

ढोल्या ओशाळला. "खरं सांगू, मास्तर? मी तुझ्या तोंडाकडे कधी बघितलंच नाही. मी वहिनींचा श्वास ऐकून वाजवायचो."

"अगंबाई! मी तर यांच्या अकॉर्डियनच्या मागे मागे जायचे," बायको म्हणाली.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "आणि मी जन्मभर तुझ्या मागे होतो की रे!"

"म्हणजे पुढे कोण होतं?"

तिघं एकमेकांकडे बघून इतके हसले, इतके हसले, की बायकोला पदराने डोळे पुसावे लागले.

"ये ना रे," मास्तर हलकेच म्हणाले.

ढोल्याने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "नात वाट बघते रे संध्याकाळची. माझ्याशिवाय जेवत नाही." मग त्याने हत्यारांची पिशवी उचलली, वहिनींना नमस्कार केला आणि मुख्य दाराने बाहेर पडला.

बँकवाले चष्मा पुसत जवळ आले. "मास्तर, मग मी आता नक्की कुणाकडे बघायचं?"

मास्तरांची नजर दारावरून हलली नव्हती.

"तिकडेच बघा," ते म्हणाले. "मी तरी कुठे दुसरीकडे बघतोय!"