कोरडा बाक

स्कॉटलंडच्या उत्तरेला हेल्से नावाचं बेट आहे. तिथल्या तळ्यातल्या घोड्याने एकशे बारा माणसांना फसवून पाठीवर घेतलं होतं आणि तळ्याच्या मध्यावर नेऊन पाण्यात टाकलं होतं. बेटाची वस्ती एकशे तेरा. उरलेली एक म्हणजे ओस्ला.

बेटाच्या सभेत पुढचे बाक असे बुडून पोहत परत आलेल्यांचे आणि भिंतीलगतचा एक बाक कोरड्यांचा, अशी जुनी पद्धत होती. पाणचक्कीवर सातू दळायचा नंबरही त्याच क्रमाने लागे. गेल्या मंगळवारपर्यंत कोरड्या बाकावर ओस्लाच्या सोबतीला पाद्रीबाबा तरी होते. मंगळवारी तेही पाण्यात पडले. रविवारी ते प्रवचनाला उभे राहिले तेव्हा त्यांच्या बुटांतून अजून चुबुकचुबुक आवाज येत होता आणि चेहरा नवरदेवासारखा फुललेला होता. ओस्लाला त्या प्रवचनातलं एक अक्षर ऐकवलं नाही.

त्यात धाकटी बहीण इंगा दोनदा पडलेली.

"दुसरी खेप खरं तर तुझी होती," ब्रेडला लोणी लावत इंगा म्हणाली. "पण तो माझ्यासमोरच येऊन उभा राहिला. मी काय करू?"

त्या दुपारी ओस्लाने इंगाचे वाळत घातलेले मोजे दोरीवरून काढून चिखलात टाकले आणि वाऱ्याने पडले असं सांगितलं. मग ती सभेला अर्ज लिहायला बसली. ॲबरडीनला चार वर्षं कॉलेज केलेली मुलगी. अन्याय सहन करायचा नाही, हे तिने तिथेच ठरवलं होतं.

सुनावणीला घोडा पोस्टमनच्या रूपात आला. टोपी, पिशवी, सगळं बिनचूक. फक्त कोटाखालून मागे एक चाक फिरत होतं. या घोड्याचं शेपूट चाकाचं असतं आणि ते कुठल्याही रूपात बदलत नाही.

"या मुलीला डावलण्याचं कारण?" अध्यक्ष लॉरी म्हणाले.

"डावललं?" घोडा दुखावला. "गेल्या वर्षी हिच्यासाठी तीनदा आलो, अध्यक्षमहाराज. सायकल झालो, तर म्हणते सायकलला तीन चाकं कशी? हातगाडी झालो, तर हे जादा चाक कशाला? शेवटी मेंढी झालो."

"मेंढीला चाक होतं," ओस्ला म्हणाली.

"बघा! बाकी एकशे बारा जणांना कधी दिसलं का? मग हिलाच बरं कसं दिसतं?"

सभागृहातले सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागले. लॉरींनी घसा खाकरला आणि अर्ज फेटाळला.

घरी जाताना ओस्लाने इंगाला विचारलं, "तुला खरंच नाही दिसलं?"

"काय?"

"चाक."

इंगा थांबली. "अगं, एवढं मोठं चाक! आंधळ्या मार्गिटबाईंनासुद्धा कळतं. करकरतं ते."

"मग?"

"मग काय? 'वा, छान सायकल!' म्हणायचं आणि बसायचं. किती खूश होतो तो."

"म्हणजे एकशे बारा माणसं खोटं बोलतात?"

"एकशे बारा माणसं काही बोलतच नाहीत," इंगा म्हणाली. "तू एकटी बोलतेस."

ओस्ला दोन दिवस कुणाशीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाला एक सायकल टेकून उभी होती. तिसरं चाक मागे लोंबत होतं आणि जरा थरथरत होतं. ओस्लाची जीभ वळवळली. तिने ती दातांखाली धरली.

"वा," ती शेवटी म्हणाली. "छान सायकल आहे."

पाणी इतकं गार होतं की वर आल्यावर तिला आधी श्वास सापडेना. किनाऱ्यावर इंगा टॉवेल घेऊन उभी होती.

"तुला कुठपर्यंत नेलं होतं?" दात वाजवत ओस्लाने विचारलं.

"मध्यापर्यंत."

"मला त्याच्याही पुढे नेलं," ओस्ला म्हणाली. इंगाचा चेहरा पडला. ओस्लाला लगेच ऊब आली.

पुढच्या सभेत ती पहिल्या बाकावर बसली. कोरडा बाक आता रिकामा असायला हवा होता. त्यावर घोडा बसला होता, स्वतःच्याच रूपात, अंगातून पाणी ठिबकत. त्यानेही अर्ज दिला होता. ओस्ला शिकलेली, म्हणून लॉरींनी तो तिलाच वाचायला दिला.

"मी या बेटाचा जुना रहिवासी असून," ओस्लाने वाचलं, "मला आजवर एकदाही कुणी फसवलेलं नाही. पुढच्या बाकांवरचे हसरे चेहरे मी रोज पाहतो. ते पाहून मला झोप लागत नाही. माझाही विचार व्हावा."

सगळे बुटांकडे पाहू लागले. ओस्लाने मागे वळून पाहिलं. घोडा पहिल्या बाकाकडे टक लावून बघत होता. ती नजर तिच्या चांगल्याच ओळखीची होती. तिची जीभ पुन्हा वळवळली.

"अर्ज पुढच्या सभेत विचारात घ्यावा," ती म्हणाली आणि कागदाची घडी घातली.

इंगाने सरकून तिला जागा दिली. मागे चाक एकदा करकरलं. कुणालाच ते ऐकू आलं नाही.